सावित्रीने यमाकडे नेमकं काय मागितलं?

वटपौर्णिमेची कहाणी इथे बसलेल्या प्रत्येकीला पाठ आहे. म्हणून आज ती बाजूला ठेवू आणि महाभारत उघडू. पुण्याच्या भांडारकर संस्थेने जुनी हस्तलिखितं ताडून केलेल्या चिकित्सक आवृत्तीत वनपर्वाचे २७७ ते २८३ हे सात अध्याय सावित्रीचे आहेत. त्यांत वडाची पूजा नाही, सूत गुंडाळणं नाही, सात जन्मांचं मागणंही नाही. व्रत आहे ते तीन रात्रींचं, उपाशीपोटी उभं राहून करायचं. यम शेवटी सत्यवानाला सावित्रीच्या सोबतीने चारशे वर्षांचं आयुष्य देतो, तेही याच जन्मातलं.

पुराणकथा बाईच्या बाजूने नव्याने लिहायची असेल, तर आधी मुळातलं काय आणि मागाहून चिकटलेलं काय हे वेगळं काढा. ते न करता लिहायला बसलं की सगळं भांडण व्रताच्या पोथीशी होतं आणि सावित्री हातची निसटते.

तिच्या लग्नाचंच बघा. अश्वपती राजाने संततीसाठी अठरा वर्षं व्रत केलं आणि मुलगी झाली. ती उपवर झाली, पण तिच्या तेजाने दिपून कुणी मागणीच घालेना. तेव्हा बाप म्हणाला, तुझा नवरा तूच शोध. ती रथात बसून निघाली आणि वनात राहणारा, राज्य गेलेल्या आंधळ्या राजाचा मुलगा निवडून आली. वर्षभरात तो मरणार, असं नारदाने सांगितलं. बाप म्हणाला, दुसरा बघ. ती बदलली नाही. हा सगळा भाग आपल्या सांगण्यात दोन वाक्यांत उरकला जातो. कथेचा कणा मात्र तिथेच आहे: धोका माहीत असताना केलेली निवड.

आता यमाशी झालेलं बोलणं. हे संथपणे वाचायला हवं. यम सांगतो, मागे फिर. ती म्हणते, सात पावलं सोबत चाललं की मैत्री होते असं जाणते सांगतात; त्या मैत्रीच्या नात्याने बोलते. लग्नातली सात पावलं आपल्याला माहीत आहेत. इथे ती मृत्यूसोबत चालते आणि त्याच पावलांवर बोलण्याचा हक्क मिळवते. पहिला वर सासऱ्याच्या दृष्टीचा, दुसरा त्याच्या राज्याचा, तिसरा आपल्या बापाला शंभर मुलगे व्हावेत म्हणून, चौथा स्वतःला सत्यवानापासून शंभर मुलगे व्हावेत म्हणून. चारही वेळा यमाची अट एकच: याचा जीव सोडून माग. पाचव्या वेळी ती अट घालायची राहते. सावित्री तिथेच बोट ठेवते: आधीच्या वरांसारखा अपवाद या वेळी तुम्ही केलेला नाही. शिवाय नवऱ्यावाचून चौथा वर खरा कसा होणार?

वाचताना कागदावर तीन रकाने आखा: काय मागितलं, कुणासाठी मागितलं, यमाने काय वगळलं. मधला रकाना भरताना हात थांबतो. जिचा जन्म अठरा वर्षांच्या व्रताने झाला, ती बापासाठी मुलगे मागते. ही ठेच नव्या लेखनात गुळगुळीत करू नये. मार्कंडेय ऋषी ही कथा युधिष्ठिराला पतिव्रतेचं उदाहरण म्हणून सांगतो, हेही लपवू नये.

नव्याने लिहिताना चुका होतात त्या बहुतेक दोन. एक, सत्यवानाला दुष्ट केलं जातं. मुळात तो तसा नाही, आणि तसा केला की तिच्या निवडीला अर्थ उरत नाही. दुसरी, तिच्या तोंडी आजची भाषणं येतात. तिचा स्वतःचा युक्तिवाद त्याहून धारदार आहे. लग्न न केलेली आणि राजाला सडेतोड उत्तर देणारी बाई हवी असेल, तर शांतिपर्वातल्या सुलभेकडे जा. सावित्रीवर ते लादू नका.

आणि पाचवा वर मिळालाच नसता तर? या प्रश्नाला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात फार जवळचा संदर्भ आहे. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. सावित्रीची कथा जिंकलेल्या बाईची आहे. तिच्या नावाने होणाऱ्या पूजेत नवरा गेलेल्या बाईला जागा नसते, आणि नव्या सांगण्याचं खरं काम मला तिथे दिसतं. ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकात १८८२ सालीच विचारलं होतं की बायकोच्या प्राणासाठी यमाकडे जाणारा नवरा कुणी ऐकला आहे का. त्या प्रश्नाचं उत्तर नव्या सांगण्यात यायला हवं.

वाचताना एक जागा सोडू नका. सत्यवान शुद्धीवर येतो तेव्हा रात्र झालेली असते आणि त्याच्यात त्राण नसतं. सावित्री फळांची टोपली झाडाच्या फांदीला अडकवून ठेवते, कुऱ्हाड स्वतः घेते, त्याचा हात आपल्या डाव्या खांद्यावर टाकते, उजव्या हाताने त्याला धरते आणि अंधारात आश्रमाच्या वाटेने हळूहळू चालू लागते.