नऊ भोकांचा प्लग

(दृश्य: शुक्रवारची पहाट, मटण स्ट्रीट. टॉर्चच्या उजेडात जमिनीवर पसरलेलं सामान.)

शुक्रवारी उजाडायच्या आत चोरबाजारात पोचलं, तर भंगाराच्या ढिगात आजही व्हिडिओ गेमचे रिमोट सापडतात. कन्सोल (म्हणजे गेमचं मुख्य यंत्र) नाही, खोका नाही, कंपनीचं नावही नाही. नुसता रिमोट आणि त्याला गुंडाळलेली वायर. विकणारा म्हणतो, "चलता है." कशावर चालतो, ते मात्र आपणच शोधायचं.

(दृश्य: प्लगचं तोंड, अगदी जवळून.)

बहुतेकांच्या टोकाला हाच प्लग असतो. वर पाच भोकं, खाली चार. लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, याला 'डीबी नऊ' म्हणतात. खरं तर या जातीत दुसरं अक्षर कवचाचा आकार सांगतं. बी म्हणजे पंचवीस पिनांचं कवच, नऊ पिनांचं ते ई. पण दुकानात 'डीई नऊ' मागितलंत तर समोरचा गोंधळेल, तेव्हा डीबीच म्हणा.

१९७७ साली अटारीच्या २६०० या कन्सोलने जॉयस्टिकसाठी हा प्लग घेतला. पुढे कमोडोर ६४ या घरगुती संगणकाने घेतला, सेगा कंपनीने आपल्या मेगा ड्राइव्ह कन्सोलसाठीही घेतला. प्लग सगळीकडे बसतो, आणि इथेच माणूस फसतो. अटारीच्या पोर्टवर पाच व्होल्ट सातव्या पिनेवर येतात. मेगा ड्राइव्हच्या रिमोटला ते पाचव्या पिनेवर हवे असतात. म्हणून बसतोय म्हणून लावून बघू, असं कधीही करू नका.

मग आपल्या लहानपणीचे ते रिमोट? सुट्टीत ज्याच्या घरी गेम असायचा, त्याच्या घरी आख्खा मजला जमायचा. कॅसेटला फुंकर मारून ज्यांवर खेळलो, त्यातले कितीतरी कन्सोल जपानच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. निन्टेन्डोचा फॅमिकॉम १५ जुलै १९८३ला जपानमध्ये आला, तेव्हा त्याचे दोन्ही रिमोट कन्सोललाच कायमचे जोडलेले होते. निन्टेन्डोने अमेरिकेतल्या कन्सोलला सुटे रिमोट दिले, पण त्यांचा सात पिनांचा प्लग खास स्वतःचा होता. नकला करणाऱ्या कित्येकांनी मात्र बाजारात सहज मिळणारा नऊचा प्लग लावला. बाहेरून अटारी, आतून निन्टेन्डो. आणि कुठली तार कुठल्या भोकात, हे सगळ्या नकलांमध्ये सारखं असेलच असं नाही.

(दृश्य: टेबलावर मल्टिमीटर. बीपचा आवाज.)

आधी रिमोट न उघडता तपासूया. मीटर कंटिन्युइटीवर ठेवायचा, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप वाजतो. एक टोक आठव्या भोकात, दुसरं पहिल्यात, आणि 'वर'चं बटण दाबायचं. बीप वाजला तर रिमोट अटारीच्या पद्धतीचा. तिथे प्रत्येक दिशेला स्वतंत्र तार असते.

हा वाजत नाही. उघडूया.

(दृश्य: स्क्रू निघतात. हिरवी पट्टी, मधोमध काळा ठिपका.)

वायरमध्ये पाचच तारा, आणि बटणं आठ. म्हणजे मध्ये चिप आहे. निन्टेन्डोच्या मूळ रिमोटमध्ये ४०२१ नावाची चिप असते. कन्सोल एका तारेवरून (लॅच) 'आत्ताची स्थिती धरून ठेव' असं सांगतो, दुसरीवरून (क्लॉक) टिकटिक देतो, आणि तिसरीवरून (डेटा) एकेक बटण रांगेने बाहेर येतं: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. उरलेल्या दोन तारा पाच व्होल्ट आणि ग्राउंड. ही मांडणी मला फार आवडते. आठ बटणांची खबर एका तारेतून!

सुटी चिप असली तर काम सोपं. तिसऱ्या पायावर डेटा, नवव्यावर लॅच, दहाव्यावर क्लॉक, आठव्यावर ग्राउंड, सोळाव्यावर पाच व्होल्ट. इथे चिप त्या काळ्या ठिपक्याखाली दडलेली आहे, पाय दिसत नाहीत. मग सुरुवात ग्राउंडपासून. सगळ्या बटणांना शिवत जाणारी ती एक रेघ पकडायची. तारांच्या रंगांवर अजिबात विसंबायचं नाही. या रिमोटमध्ये लाल तारच ग्राउंड निघाली.

(दृश्य: वायरीला चिकटवलेली कागदी पट्टी. पेनाने लिहिणारा हात.)

सापडलेली प्रत्येक तार, तिचं भोक आणि आजची तारीख या पट्टीवर लिहितो. पुढच्या माणसाला स्क्रू काढायला नकोत.