आकडा ३२, बार मात्र २०

मंडळी, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांत वाढलेल्या माणसांना चक म्हणजे काय ते सांगायला मी उभा नाही. पण घरी छोटा लेथ टाकला, की कॉलेटवर, म्हणजे चकात बसून बार किंवा हत्यार आवळून धरणाऱ्या, पाकळ्या पाडलेल्या बाहीवर, आपण आंधळेपणानं पैसे घालवतो. मीही घालवलेत.

पहिला घोळ नावातच. ईआर ही कॉलेटची एक जात. ईआर ३२ म्हटलं की वाटतं, ३२ मिलिमीटरचा बार धरेल. तो आकडा कॉलेटच्या तोंडाच्या बाहेरच्या व्यासाचा, तोही अंदाजे. बार धरणार २० पर्यंत. २५ नंबरचा १६ पर्यंत, ४० चा २६ पर्यंत. लेथ आणि मिलिंग दोन्हीला मिळून एकच घ्यायचा असेल, तर ३२ घ्या.

लेथसाठी मोर्स टेपरवरचा, म्हणजे निमुळत्या दांड्याचा कॉलेट चक मात्र नको. स्वस्त पडतो, पण मागून ड्रॉबार, म्हणजे त्याला ओढून धरणारा लांब बोल्ट लागला, की स्पिंडलचं, म्हणजे लेथच्या फिरत्या पोकळ दांड्याचं भोक बंद. मग लांब बार असून बोटाएवढे तुकडे कापत बसा. बॅकप्लेटवरचा, म्हणजे स्पिंडलच्या तोंडावर चढणाऱ्या तबकडीवरचा घ्या, बार आरपार जातो. बॅकप्लेट आपल्याच स्पिंडलवर चढवून टर्न करायची. आणि त्यासाठी बिडाचा तुकडा कोल्हापुरात मिळाला नाही, असं कुणी सांगू नये!

आता कॉलेट आवळणारा हा नट बघा. आतली ही रिंग मुद्दाम एका अंगाला सरकवलेली आहे. कॉलेट तिरका धरून आधी नटात बसवायचा, असा. टक्क वाजलं? मग दोन्ही मिळून चकावर. मी सुरुवातीला उलटं केलं. कॉलेट चकाच्या टेपरात टाकला आणि वरून नट आवळला. नट सोडला, तर कॉलेट आतच अडकलेला. त्याला बाहेर ओढणारी ती रिंगच असते, आणि तिच्यात मी तो बसवलाच नव्हता. मागून हातोडीनं ठोकला, तर एका पाकळीला तडा. रिकामा कॉलेटही कधी आवळू नका, पाकळ्या वाकतात.

मापाचं म्हणाल, तर या ३२ नंबरमध्ये कॉलेट लिहिलेल्या मापापासून साधारण एक मिलिमीटर मिटतो, फाकत अजिबात नाही. म्हणून चार सूत, म्हणजे १२.७ चा शँक, हत्याराचा धरायचा दांडा, १३ च्यात. पण १२ ची एंड मिल, म्हणजे मिलिंगचं कटर, १२ च्यातच. १३ च्यात धरते, पण पकड तेवढी चांगली नाही. ३ ते २० असा अठरा नगांचा सेट घ्यायची घाई नको. ६, ८, १०, १२ हे चार चांगल्यातले घ्या, एंड मिलचे शँक बहुतेक याच मापांत येतात. बाकीचे लागतील तसे.

आखूड जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा, कॉलेटच्या तोंडाशीच धरला, तर मागच्या पाकळ्या जास्त मिटतात आणि जॉब डुलतो. मागं त्याच व्यासाचा तुकडा घाला.

परवा डुलणं मोजायचा डायल लावला, तर ग्राइंड केलेल्या पिनवर मिलिमीटरचे सहा शतांश. कॉलेटला शिव्या घालून झाल्या. काढून टेपरात करंगळी फिरवली, तर केसाएवढी चिप बोचली. पुसून पुन्हा बसवला, दीड शतांश.

ॲक्सेसरीत एकच सांगतो, षटकोनी कॉलेट ब्लॉक. जॉब मोजून फिरवणारं डिव्हायडिंग हेड नसलं, तरी बार त्यात धरून ब्लॉक व्हाइसमध्ये सहा वेळा फिरवला, की बोल्टचं डोकं तयार. जूनच्या आत तेवढं सगळ्यांना तेल लावून ठेवा. आपल्या पावसात माझे दोन कॉलेट डब्यातच गंजले.