एडमाचा चेहरा आणि पाळण्याची जाळी

नमस्कार. पडद्यावर दिसत असलेले चित्र फ्रेंच चित्रकर्ती बर्थ मोरिसो यांनी १८७२ साली पॅरिसमध्ये रंगवलेले ‘पाळणा’ आहे. यातील स्त्री म्हणजे त्यांची सख्खी बहीण एडमा, आणि पाळण्यात निजलेली तिची तान्ही मुलगी ब्लांश. या चित्राची ‘वात्सल्य’ या एका शब्दात बोळवण करण्याची पद्धत आहे. मला मात्र ती अपुरी वाटते, कारण एडमाच्या चेहऱ्यावर हसू नाही.

चेहरा जवळून पाहू. पापण्या खाली झुकल्या आहेत, ओठ मिटलेले आहेत आणि डावा हात कोपरात दुमडून गालाला टेकवलेला आहे. हीच ठेवण बाळाच्या वाकवलेल्या हातात पुन्हा दिसते आणि आईच्या नजरेपासून बाळाच्या मिटल्या डोळ्यांपर्यंत एक तिरपी रेषा तयार होते. म्हणजे भाव केवळ नाकडोळ्यांत शोधून भागत नाही. तो साऱ्या देहाच्या ठेवणीत आहे.

आता रंगलेपन पाहा. त्या काळातील दरबारी वळणाच्या व्यक्तिचित्रांत कुंचल्याची खूण पुसून पृष्ठभाग गुळगुळीत केला जाई. येथे चेहरा बऱ्यापैकी बांधीव आहे, पण पाळण्यावरची जाळी पांढऱ्या रंगाच्या सैल, पातळ फटकाऱ्यांनी उभी केली आहे आणि त्या पांढऱ्यात निळसर, गुलाबी छटा मिसळल्या आहेत. एडमाचा गडद पोशाख या उजेडासमोर अधिकच जड वाटतो. शिवाय तिचा दुसरा हात ती जाळी आपण प्रेक्षक आणि बाळ यांच्या मध्ये ओढून धरतो, त्यामुळे बाळ आपल्याला धूसरच दिसते. ते नीट पाहण्याचा अधिकार जणू आईचाच.

एडमा स्वतःही चित्रकार होती. दोघी बहिणी एकत्र शिकल्या, पण १८६९ मध्ये लग्न झाल्यावर एडमाचे चित्र काढणे मागे पडले. हे कळल्यावर तिच्या नजरेत खंत वाचण्याचा मोह होतो. मात्र मोरिसो यांनी तशी एकही ठोस खूण ठेवलेली नाही, आणि चित्राची ताकद मला त्या संयमात दिसते.

१८७४ च्या पहिल्या दृक्‌प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट, म्हणजे क्षणाचा उजेड सैल फटकाऱ्यांत पकडणाऱ्या चित्रकारांच्या) प्रदर्शनात हे चित्र लागले, पण विकले गेले नाही. ते कुटुंबातच राहिले आणि १९३० मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने घेतले. आज ते पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयात आहे.

व्हिडिओ येथे थांबवून तळहाताने पाळण्याचा भाग झाका. एकटी एडमा मला थकलेली, कुठेतरी हरवलेली भासते. हात काढताच तीच नजर बाळावर खिळलेली वाटते.