स्पिऑन कॉपवरून जखमींना खाली कुणी आणलं?

समोर हा सपाट माथ्याचा डोंगर दिसतोय ना, तो स्पिऑन कॉप. साऊथ आफ्रिकेतला नाताळ प्रांत (आताचा क्वाझुलू-नाताळ), लेडीस्मिथ नावाचं गाव, तिथून गाडीने फार लांब नाही. नाव बोअर लोकांनी, म्हणजे इथे स्थायिक झालेल्या डच वंशाच्या गोऱ्यांनी दिलेलं, टेहळणीचा डोंगर. लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या अ‍ॅनफिल्डवर जो 'कॉप' स्टँड आहे, त्याचं नाव इथलंच.

आता माथ्यावर या. गवतात ही पांढऱ्या दगडांची लांब रांग बघा. हा खंदक. ब्रिटिश आणि बोअरांचं युद्ध चाललेलं, लेडीस्मिथला बोअरांनी वेढा घातलेला, आत ब्रिटिश फौज अडकलेली, तिला सोडवायला 1900 सालच्या 23 जानेवारीच्या रात्री साधारण 1700 शिपाई अंधारात हा चढ चढले, वर मोजकेच बोअर होते ते पळाले, मग खणायला घेतलं तर खाली नुसता कातळ, जेमतेम गुडघाभर खणून झालं, आणि धुकं एवढं की आपण माथ्यावर नेमके कुठे आहोत तेच कळेना. सकाळी आठच्या सुमाराला धुकं उठलं. खंदक चुकीच्या जागी होता. आजूबाजूच्या टेकाडांवरून गोळ्या सरळ आत. दिवसभर. जे जिथे पडले त्यांना तिथेच पुरलं, म्हणून खंदक हीच कबर.

रात्री ब्रिटिश उतरले, बोअरही बरेचसे निघून गेले होते, सकाळी त्यांनी वर पाहिलं तर डोंगर मोकळा.

पण आम्ही आलो ते या उतारासाठी. पायाखाली सुटे दगड बघा, रिकाम्या हाताने उतरतानाही पाय घसरतो. इथले जखमी नेणाऱ्यांत आपली माणसं होती. नाताळमधल्या भारतीयांची अ‍ॅम्ब्युलन्स तुकडी, सुमारे 1100 जण, पुढे 30 वर्षांचे बॅरिस्टर गांधी, आणि त्यातले 800 गिरमिटिये, करारावर राबायला आणलेले मजूर. खांद्यावर स्ट्रेचर घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैल चालायचे. मेडल मिळालं 37 पुढाऱ्यांना. स्ट्रेचर वाहणाऱ्या त्या 800 जणांची नावं आपल्यातल्या कुणाला माहीत आहेत?

28 फेब्रुवारीला वेढा उठला, 1902 मध्ये युद्ध संपलं, तोवर ब्रिटिशांच्या छावण्यांमध्ये डांबलेली बोअर बायका-पोरं आणि काळी माणसं हजारोंनी मेली, त्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल.

आता गावात येऊ. हा टाऊन हॉल, याच्या टॉवरला वेढ्यात तोफगोळा लागला होता. आणि लांबवर तो उंबुलवाना डोंगर, बोअरांची मोठी तोफ तिथे होती. वेढ्यात अडकलेल्यांत प्रभूसिंग नावाचा एक गिरमिटिया होता. त्याने झाडावर चढून बसायचं, नजर त्या डोंगरावर, आणि तोफेची झळक दिसली रे दिसली की घंटा वाजवायची, म्हणजे गोळा येऊन पडेपर्यंत लोकांना आडोशाला पळायला तेवढा वेळ मिळायचा. पुढे व्हाइसरॉय कर्झनने त्याच्यासाठी काश्मिरी झगा पाठवला. वेढा 118 दिवस चालला, आणि तोफ उडाली की प्रभूसिंगची घंटा वाजायची.