पॉल जॉर्जच्या बदल्यात

[दृश्य: पोर्टलंड, एप्रिल २०१९]

एनबीए, अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग. रिंगपासून सदतीस फुटांवर पोर्टलंडचा डेमियन लिलार्ड. समोर ओक्लाहोमा सिटी थंडरचा पॉल जॉर्ज. बॉल सुटला, बझर वाजला, थंडर हंगामाअखेरच्या प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत गारद. जुलैत जॉर्जनेच ट्रेड, म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदल, मागितला.

तिकडे लॉस एंजेलिसमध्ये क्लिपर्स संघाला कवाय लेनर्ड हा बडा खेळाडू हवा होता. लेकर्स आणि टोरंटो हे संघही रांगेत. लेनर्डचं म्हणणं एकच: सोबत जॉर्ज आणा. थंडरचे जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी यांच्या दारात अडलेलं गिऱ्हाईक आलं होतं.

[दृश्य: पडद्यावर ट्रेडची यादी]

जॉर्जच्या बदल्यात क्लिपर्सनी थंडरला काय दिलं, ती यादी सावकाश वाचा. डॅनिलो गॅलिनारीचं नाव इथे कशाला? पगारासाठी. लीगच्या पगार-मर्यादेच्या वर गेलेल्या संघाला जेवढा पगार पाठवला त्याच्या सव्वापट, वर एक लाख डॉलर, एवढाच परत घेता येत होता. जॉर्जचे ३.३ कोटी. नवख्या शे गिल्जस-अलेक्झांडरचे जेमतेम ४० लाख. त्यात गॅलिनारीचे २.२६ कोटी मिळवले, की सव्वापट होते ३.३२ कोटी. कसंबसं बसलं.

आता पिक, म्हणजे दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडण्याचा हक्क; साधारणपणे कमकुवत संघाचा क्रमांक आधी. क्लिपर्सचे पहिल्या फेरीचे २०२२, २०२४ आणि २०२६. एक वर्षाआड, कारण स्टेपियन नियम. क्लीव्हलंडचे मालक टेड स्टेपियन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पिक असे उधळले, की लीगला नियमच करावा लागला: पुढच्या सलग दोन वर्षांत पहिल्या फेरीचा पिक नाही, असं चालणार नाही. मधल्या २०२३ आणि २०२५ला मग स्वॅप, म्हणजे पिकची अदलाबदल. दोघांपैकी वरचा क्रमांक थंडरने घ्यायचा. नियम शाबूत आणि पाचही वर्षं खिशात. शिवाय क्लिपर्सनी आधी मिळवलेले मायामीचे दोन.

ग्यानबाची मेख पुढे आहे. पिक देताना संघ बहुधा अट घालतो: तो पहिल्या चौदात आला तर आमच्याकडेच राहील. मायामीच्या एका पिकवर ही अट होती. क्लिपर्सच्या तिन्हींवर कसलीच नव्हती. दोन बडे खेळाडू असताना आपण खाली घसरतोय कशाला, असा हिशेब.

[दृश्य: सप्टेंबर २०२०, प्रेक्षकांविना मैदान]

डेन्व्हरविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेत क्लिपर्सनी ३-१ची आघाडी गमावल्यावर सातवा सामना. कोपऱ्यातून जॉर्जचा थ्री, म्हणजे तीन गुणांचा शॉट, आणि बॉल थेट बोर्डच्या कडेवर! हे दृश्य सगळ्यांना पाठ आहे. पुढच्याच वर्षी लेनर्डचा गुडघा दुखावल्यावर याच जॉर्जने क्लिपर्सना पहिल्यांदा कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे लीगच्या उपांत्य फेरीत नेलं, फीनिक्समध्ये एका सामन्यात ४१ गुण काढले. ते मात्र सोयीस्करपणे विसरलं जातं.

२०२१-२२मध्ये लेनर्ड हंगामभर बाहेर, जॉर्जचं कोपर दुखावलेलं. ४२ विजय, ४० पराभव. क्लिपर्सचा पिक बारावा आला. म्हणजे चौदाच्या आत! अट असती तर तो घरीच राहिला असता. थंडरने त्यावर जेलन विल्यम्स घेतला.

[दृश्य: गिल्जस-अलेक्झांडरचा ड्राइव्ह, संथ गतीत]

पाय बघा. तो वेगाने निसटत नाही, मध्येच थांबतो. डिफेंडर आपल्याच झोकात पुढे जातो, आणि हा मोकळ्या जागेतून शॉट घेतो. २०१९मध्ये त्याची सरासरी १०.८ गुण होती. त्याला दिलं म्हणून क्लिपर्स फसले, हे म्हणूनच अर्धसत्य. त्याच्या बदल्यात एक नव्हे, जॉर्ज आणि त्याच्यामागून लेनर्ड, असे दोन खेळाडू मिळत होते. क्लिपर्स खरे चुकले ते पिक विनाअट देण्यात. अर्थात अट घातली असती तर प्रेस्टी बधले असते का, हा प्रश्न आहेच.

२०२४मध्ये करार संपवून जॉर्ज फिलाडेल्फियाला गेला, क्लिपर्सच्या हाती काही न लागता. जून २०२५मध्ये थंडर विजेते. गिल्जस-अलेक्झांडर लीगचा आणि फायनलचाही एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, विल्यम्सचे फायनलच्या पाचव्या सामन्यात ४० गुण. २०२६चा पिक तेव्हा अजून यायचाच होता.