घशाचे खाडे

नमस्कार श्रोतेहो.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पंधरा दिवसांत माझ्या दवाखान्यात एक वाक्य रोज कानावर येतं. "डॉक्टर, ह्याला दर महिन्याला टॉन्सिल होतात." आता, टॉन्सिल होत नाहीत, ते असतातच. पडजिभेच्या दोन्ही बाजूंना, तुम्हाला, मला, सगळ्यांना. सुजले की आपल्याला त्यांची आठवण होते, एवढंच. पण त्या वाक्यातलं 'दर महिन्याला' मला जास्त खटकतं, कारण ते बहुधा खरं नसतं. आई खोटं बोलत नसते. रात्री दोन वाजता पोराच्या कपाळावर हात ठेवून बसलेल्या माणसाला एकच दुखणं तीनदा झाल्यासारखं वाटतं.

मग मी विचारते, दुधाचे खाडे कुठे लिहिता? भिंतीवरच्या कॅलेंडरवर ना? घशाचेही तिथेच लिहा. ताप किती होता, हाताने नव्हे, थर्मामीटरने. नाक वाहत होतं का, खोकला होता का. जबड्याखाली गाठी हाताला लागत होत्या का. औषध कोणतं दिलं आणि किती दिवस. एका आईने आठ महिने असं लिहून आणलं. नोंदी निघाल्या सहा, आणि त्यातल्या चारांपुढे तिच्याच अक्षरात 'शेंबूड, खोकला' असं होतं.

हे चार म्हणजे सर्दीच, विषाणूंची. शाळेत नव्याने जाणाऱ्या लहान मुलाला वर्षात 6 ते 8 सर्द्या झाल्या तर त्यात काही वावगं नाही. त्या प्रत्येकीत घसा थोडाफार दुखणारच. यावर अँटिबायोटिक काही करत नाही. मुलाच्या वजनाप्रमाणे पॅरासिटॅमॉल, घोट घोट पाणी, पेज, वरणाचं पाणी, आणि झोप. औषधाच्या दुकानात जाऊन "मागच्या वेळचं ते गुलाबी औषध द्या" म्हणू नका, एवढी माझी विनंती आहे.

उरलेल्या दोन नोंदी मात्र वेगळ्या होत्या. ताप एकदम चढलेला, आवंढा गिळवत नाही, गाठी दुखऱ्या, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, पण खोकला नाही, सर्दी नाही. शिवाय पोटात दुखतं म्हणून मूल रडत होतं. शाळकरी वयात असं चित्र दिसलं की स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूची शंका येते. मुलांच्या घसादुखीत साधारण चारातल्या एका वेळी तो सापडतो. घशातला स्राव कापसाच्या काडीवर घेऊन तपासला की खात्री होते.

इथे नेमकी गफलत होते. औषध सुरू केलं की दोन दिवसांत ताप उतरतो, मूल अंगणात पळायला लागतं, आणि बाटली फ्रीजच्या दारात जाऊन बसते. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन अशा वेळी 10 दिवस द्यायचं असतं. ते घशासाठी कमी आणि हृदयासाठी जास्त. हा जिवाणू अर्धवट राहिला तर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. आज गुडघा सुजतो, उद्या तो बरा होऊन घोटा धरतो. सांधे पुढे सुधारतात, हृदयाची झडप मात्र कायमची खराब होऊ शकते. मग दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. दिलासा एवढा की घसा दुखायला लागल्यापासून 9 दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी हा ताप टळतो. म्हणजे रिपोर्टसाठी एक-दोन दिवस थांबायला डॉक्टरांनी सांगितलं, तर घाबरायचं कारण नाही.

आता ऑपरेशन. आजीला वाटतं काढूच नयेत, शेजारणीला वाटतं काढूनच टाका. डॉक्टर लोक मोजतात. एका वर्षात 7 वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी 5, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी 3. त्याहून कमी असेल तर थांबून पाहायचं. आणि यात सर्दीचे घसे धरत नाहीत. 101 च्या वरचा ताप, दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पू किंवा स्ट्रेपचा रिपोर्ट, यातलं काही प्रत्येक वेळी हवं, आणि ते डॉक्टरांच्या कागदावरही हवं. वय वाढतं तसे टॉन्सिल आक्रसतात, आणि बऱ्याच मुलांचा त्रास आपोआप कमी होतो. मूल रात्री घोरतं, मध्येच श्वास अडकून दचकतं, हे कारण मात्र वेगळं. तिथे मोजत बसू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

लाळ गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, श्वासाला घरघर लागली, घशात करडा पडदा दिसला, तर कॅलेंडर राहू दे, थेट रुग्णालय गाठा. तो पडदा घटसर्पाचा असू शकतो, म्हणून पाच-सहा वर्षांचा बूस्टर डोस चुकवू नका.

मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या? जरूर, ज्याला गुळणी थुंकता येते त्याला. मध वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको. घशात बोट घालून गाठी दाबणं तर कुणालाच नको. आणि आइस्क्रीमवर उगाच आळ घेऊ नका. टॉन्सिल काढलेल्या मुलाला आम्हीच ते खायला सांगतो.

नमस्कार.