गच्चीवरच्या मधपेट्या आणि सोसायटीची नियमावली

मंडळी, सोसायटीच्या सभेत मधपेटीचा विषय निघाला की पहिला प्रश्न डंखाचाच येतो. पण पेटी ठेवून सहा महिने झाले की कमिटीकडे ज्या तक्रारी येतात, त्यांत डंखाची तक्रार बऱ्याचदा शेवटची असते. आधी येते ती एसीच्या नळीपाशी माश्या जमल्याची. मग वाळत घातलेल्या चादरींवर पिवळे ठिपके पडल्याची, मग संध्याकाळी दिव्याभोवती माश्या घोंघावल्याची. आणि फेब्रुवारीत एखाद्या सकाळी पार्किंगमधल्या झाडाला नारळाएवढा माश्यांचा घोस लटकतो आणि वॉचमनची धावपळ उडते. या चारही गोष्टी माशीच्या ठरलेल्या सवयींमधून येतात. म्हणजेच त्या आधी ओळखता येतात आणि नियमात बांधता येतात. ‘सदस्यांना त्रास होणार नाही अशा बेताने पेट्या ठेवाव्यात’ असं एक वाक्य ठरावात लिहून काही साधत नाही. त्रास कुठून होतो हे माहीत असेल तरच नियम उपयोगाचा होतो.

नियमावलीचं पहिलं कलम माशी कुठली यावर हवं. उंच इमारतींच्या सज्जाखाली, पाण्याच्या टाकीच्या बुडाला दोन-तीन फुटांचं एकच उघडं पोळं लागतं ती आग्या. ती पेटीत राहत नाही. तिचं पोळं लागलं तर तो वेगळा विषय आहे, पेट्या ठेवणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. कुंपणाच्या मेंदीत किंवा बाल्कनीतल्या कुंडीच्या फांदीला तळहाताएवढं पोळं दिसतं ती फुलोरी. तीही पेटीत येत नाही. पेटीत पाळतात त्या दोन, सातेरी आणि मेलिफेरा, म्हणजे जिला लोक इटालियन म्हणतात ती. आमचं मत स्पष्ट आहे: रहिवासी सोसायटीत फक्त सातेरी. सातेरी आपल्याकडची माशी आहे, तिची वसाहत लहान असते आणि ती बहुतेक किलोमीटरभराच्या आतच चरते. मेलिफेराची वसाहत तिच्या दुप्पट-तिप्पट असते. फुलोऱ्यामागे पेट्या गाडीत घालून हिंडवाव्या लागतात, नाहीतर साखरेवर पोसावं लागतं. गच्चीवर यातलं काहीच नीट होत नाही.

आता कायद्याचं थोडक्यात. गच्ची ही सामाईक जागा आहे, त्यामुळे वरच्या मजल्यावर राहतो म्हणून कुणी परस्पर पेटी ठेवू शकत नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. इतर सदस्यांना उपद्रव होईल असं वागू नये ही अट आदर्श उपविधींमध्ये आहेच. आणि भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ प्रत्येक मधपाळाने वाचलेलं असावं. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका पोचू नये एवढी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संहितेत प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव, त्यामुळे पेटीतली माशीही त्यात आली. सज्जाखालचं आग्याचं पोळं कुणाच्या ताब्यात नसतं, पेटी मात्र असते. म्हणून ठरावात पेटी कुणाच्या ताब्यात आहे ते नावानिशी लिहा, आणि एक नव्हे, दोन नावं लिहा. एकजण मुलीकडे महिनाभर गेला आणि त्याच महिन्यात थवा सुटला, म्हणजे जुनी राणी बऱ्याच माश्या घेऊन पेटीबाहेर पडली, तर जिन्यात उभं राहून फोन लावण्यापलीकडे कुणाच्या हातात काही उरत नाही. दोघांनीही रीतसर प्रशिक्षण घेतलेलं असावं. गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, त्यामुळे पुण्यात तरी शिकायला कुठे जायचं हा प्रश्न नाही.

वेळही जुळते. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. पावसाळा सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात सातेरीच्या वसाहती भरू लागतात. पेटी आणायची तर तेव्हाच. म्हणून विषय ऑगस्टअखेर कमिटीकडे द्या, सभेत ठराव करून घ्या, आणि दिवाळीच्या आसपास पेटी येऊ द्या. मे-जूनमध्ये हौसेने आणलेली पेटी बहुधा रिकामी होते. तेव्हा बाहेर फूल कमी असतं, पाठोपाठ पाऊस सुरू होतो आणि माश्या घर सोडून जातात.

न्यूयॉर्कमध्ये शहरात मधमाश्या पाळायला २०१० पर्यंत बंदी होती. ती उठवताना पेट्यांची आरोग्य खात्याकडे नोंदणी आणि पाण्याची कायमची सोय या अटी घातल्या गेल्या. अमेरिकेतल्या बऱ्याच गावांच्या नियमांत आणखी एक गोष्ट असते, पेटीच्या तोंडासमोर सहा फुटांचा आडोसा. ही दुसरी गोष्ट जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. माशी दारातून निघाली की सरळ रेषेत हळूहळू वर चढते. समोर सहा फुटांची भिंत, बांबूची चटई किंवा शेडनेट असेल, तर तिला तिथल्या तिथेच डोक्यावरून जावं लागतं, आणि माणसांची वाट व तिची वाट वेगळी होते. गच्चीचा कठडा साधारण तीन-साडेतीन फुटांचा असतो, तो पुरत नाही.

जागा निवडताना पेटीचं तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला ठेवा. सकाळचं ऊन लवकर लागतं आणि पश्चिमेकडून येणारा पाऊस दारात शिरत नाही. पेटी स्लॅबवर ठेवू नका, एप्रिलात स्लॅब तव्यासारखा तापतो. दीड फूट उंच लोखंडी घोडी, तिच्या चारही पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या, वर सावलीला पत्रा किंवा नेट. पेटी किंचित पुढे कललेली असावी, म्हणजे तळपाटावर पाणी साचत नाही. झाकणावर दोन विटा आणि भोवती दोरी. वळवाच्या वाऱ्याला नुसतं झाकण पुरत नाही. दहा-बारा मजली इमारतीच्या माथ्यावर पेटी ठेवू नये, तिथल्या वाऱ्यात भरलेली माशी उतरताना हेलपाटते. तीन-चार मजल्यांची गच्ची चांगली, तळमजल्याच्या बागेतला आडबाजूचा कोपराही चालतो. पेटीसमोरच्या वीसेक फुटांत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या नकोत. माशी पेटीत विष्ठा करत नाही, बाहेर पडल्या पडल्या करते. चादरीवरचे पिवळे ठिपके तेच. पावसाची झड संपून ऊन पडलं की ते एकदम वाढतात. टाकी धुणारे, सोलरवाले आणि डिशवाले गच्चीवर ज्या वाटेने जातात, ती वाट पेटीच्या मागून असली पाहिजे, पुढून नको.

पाण्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण निम्मी भांडणं इथून सुरू होतात. मार्च ते मे या काळात पेटी थंड ठेवायला माश्या पाणी वाहतात. एकदा एखादी जागा सापडली की रोज तिथेच जातात. म्हणून पेटी येण्याच्या आधी पाणी हवं. नंतर ठेवलेल्या पाण्याकडे त्या ढुंकून बघत नाहीत, जोशीकाकूंच्या एसीच्या नळीकडेच जातात. पण ताटलीत पाणी ठेवलं की दुसरी अडचण उभी राहते, डेंगीच्या डासांची. साठलेल्या पाण्यात अळ्या सापडल्या तर महापालिकेची नोटीस सोसायटीच्या नावाने येते.

यावर उपाय सोपा आहे. पाच लिटरचा माठ घ्या, बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती वात घट्ट बसवा. माठ तिवईवर ठेवा आणि खाली उतरती फळी लावून तिच्यावर गोणपाट ताणा. थेंब गोणपाटावर पडतो, पसरतो, आणि फळीच्या खालच्या टोकाशी ठेवलेल्या गवती चहाच्या कुंडीत जिरतो. माशीला बुडायचं भय नाही, ती ओल्या धाग्यांवर बसून सोंड लावते. डासाला अंडी घालायला पाणी नाही. दोन सेकंदांना एक थेंब पडेल अशी वात बसवली, तर दिवस-रात्रीत सुमारे दोन लिटर जातात, माठ दोन दिवस पुरतो. माठाच्या तोंडाला फडकं बांधा आणि आठवड्यातून एकदा माठ आतून घासून कोरडा करा, नुसता ओतू नका. डेंगीच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. पहिल्या आठवड्यात पाण्यात मिठाची चिमूट टाकली तर माश्या लवकर लागतात. हे सगळं पेटीपासून पंधरा-वीस फुटांवर, पण तोंडासमोर नको, म्हणजे विष्ठा पाण्यात पडत नाही.

दिव्यांचा नियम छोटा आहे, पण कोजागिरीला त्याची परीक्षा होते. गच्चीवर दूध आटतंय, माळा लावल्यात, आणि पेटीच्या दाराला दिवा दिसला की माश्या अंधारातून त्याच्याकडे येतात, पातेल्यातही पडतात. त्या रात्री सूर्यास्तानंतर, सगळ्या माश्या आत आल्यावर, दाराला बारीक तारेची जाळी लावायची आणि पहाटे काढायची. लाकडी पट्टी ठोकून हवा बंद करू नये. एरवीही गच्चीवरचा कायमचा दिवा पेटीच्या मागच्या बाजूला असावा.

थवा सुटणं हा दोष नव्हे, भरलेल्या वसाहतीचा तो स्वभाव आहे. पुण्यात जानेवारी ते मार्च या काळात हे जास्त घडतं. या महिन्यांत दर सात दिवसांनी पिल्लाकोठीच्या, म्हणजे पेटीत पिल्लं वाढतात त्या कप्प्याच्या, चौकटी उचलून पोळ्याची खालची कड बघायची. तिथे शेंगदाण्याच्या टरफलासारखी लोंबती राणीघरं, म्हणजे नव्या राण्या वाढतात ती घरं, दिसतात. त्याआधी नरांची घरं वाढतात. सातेरीच्या नरघराच्या टोपीला मधोमध सुईने टोचल्यासारखं भोक असतं, ते एकदा पाहिलं की विसरत नाही. सात दिवसच का, तर अंड्यापासून राणी बाहेर यायला पंधरा-सोळा दिवस लागतात, पण घर आठव्या-नवव्या दिवशीच बंद होतं आणि जुनी राणी त्या सुमारास निघते. पंधरा दिवसांनी पाहणी केली तर थवा गेलेला असतो. राणीघरं दिसली की जुनी राणी पिल्लांच्या दोन-तीन चौकटींसह रिकाम्या पेटीत हलवायची, हेच विभाजन. इथे बहुतेक नियमावल्या चुकतात: ‘जास्तीत जास्त दोन पेट्या’ लिहितात, आणि फेब्रुवारीत विभाजन करायला जागाच उरत नाही. ‘दोन पेट्या, आणि विभाजनासाठी तिसरी साठ दिवसांपर्यंत’ असं लिहा. एकच पेटी मात्र ठेवू नका. एकीची राणी मेली तर दुसरीतून अंड्यांची चौकट देता येते.

तरीही थवा झाडावर बसलाच, तर वॉचमनच्या केबिनमध्ये दोन्ही मधपाळांचे नंबर लावलेले असावेत. लटकलेल्या थव्याला राखायला ना पिल्लं असतात ना मध, पोटंही भरलेली असतात, म्हणून तो सहसा चावत नाही. त्याच्यावर पाण्याचा फवारा मारला किंवा टेंभा धरला की मग चावतो.

पेटी उघडायची ती निरभ्र दिवशी, सकाळी नऊ ते अकरा, आणि दहा मिनिटांत बंद. शाळा सुटल्यावर, पोरं गच्चीवर आली की नाही. पावसाळ्यात खाद्य द्यावं लागतं: दोनशे ग्रॅम साखर, दोनशे मिलिलिटर पाणी, आठवड्यातून दोनदा, दिवेलागणीला, पेटीच्या आत. उघड्यावर पाक ठेवायला नियमावलीने सक्त मनाई करावी. सांडलेल्या पाकावर परक्या माश्या आणि गांधीलमाश्या येतात, लूटमार सुरू होते, आणि त्या दिवशी गच्चीवर येणारा कुणीही डंख खातो.

डंख बसला तर काटा नखाने ताबडतोब खरवडून काढावा, जितका उशीर तितकं विष जास्त उतरतं. काट्यापाशी पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो, तो इतर माश्यांना बोलावतो, म्हणून तिथून बाजूला व्हा आणि जागा धुवा. चुना शोधत बसू नका. अंगभर गांध्या, ओठ-जीभ सुजणं, दम लागणं, चक्कर यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन किंवा थेट दवाखाना; तिथे ॲड्रेनलिनच लागतं, ॲलर्जीच्या गोळीवर वाट बघायची नाही. असा त्रास पूर्वी झालेला माणूस ज्या विंगमध्ये राहतो, त्या विंगच्या गच्चीवर पेटी नको. हा नियम बहुमतावर सोडू नये.

औषध फवारणीची सूचना मधपाळाला आदल्या दिवशी मिळावी आणि फवारणी अंधार पडल्यावर व्हावी, जाळी लावलेल्या दारावर ओलं गोणपाट टाकून. पेस्ट कंट्रोलच्या करारात हे वाक्य घालून घ्या. मधाचं म्हणाल तर वर्षाला दोन पेट्यांतून थोडेच किलो निघतात. सामाईक जागेचा मध म्हणून सदस्यांत वाटावा. विकायचा असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते आणि मधात पाणी २० टक्क्यांच्या वर चालत नाही.

शेवटचं कलम पेटी हलवण्याचं. रागावलेली कमिटी ‘आज संध्याकाळपर्यंत पेटी काढा’ असं पत्र देते. पेटी दिवसा उचलली तर चरायला गेलेल्या माश्या परत येऊन रिकाम्या जागी घिरट्या घालतात, आणि तक्रार होती त्याच्या दसपट वाढते. रात्री, सगळ्या आत आल्यावर, जाळी लावून किमान तीन किलोमीटरवर न्यावी लागते. त्याहून जवळ ठेवली तर माश्या जुन्याच गच्चीवर येतात. गच्चीवरच्या गच्चीवर सरकवायची असेल तर रोज एक फूट. म्हणून ठरावात मुदत तीन दिवसांची लिहा, आणि पेटी कुठे जाणार त्या जागेचं नाव पहिल्याच दिवशी, पेटी आणतानाच, लिहून घ्या.